वाचकांचे प्रश्न : साठ वर्षं व्हायरस पेशीत बसून काय करत होता?

पावसाळी अंकात व्हायरल तापावर दोन पानं लिहिली होती, त्यावर बरीच पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आले. सगळे प्रश्न घेणं शक्य नाही, पण वाचता वाचता लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक प्रश्न शेवटी एकाच जागी येतो, की व्हायरस कुठल्या पेशीत शिरला आणि त्या पेशीने पुढे काय केलं. आपण कायम व्हायरस किती डेंजर एवढंच विचारतो. अहो, एकटा व्हायरस टेबलावर पडला तर ना खातो, ना वाढतो, ना हलतो, जे काय होतं ते पेशीत गेल्यावर आणि पेशीच्याच हातून होतं. म्हणून तोच धागा धरून उत्तरं देते.

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ७१) उजव्या बरगडीखाली नागीण झाली. आधी चार दिवस तिथे नुसती आग होत होती, आम्हाला वाटलं लचक भरली. डॉक्टर म्हणाले लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या त्याचाच हा व्हायरस. मग इतकी वर्षं तो होता कुठे? आत्या म्हणते नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस वाचत नाही, तेव्हापासून आई रोज कंबरेभोवती बघत बसते. घरात दीड वर्षाचा नातू आहे, त्याला आजोबांजवळ जाऊ द्यायचं का? (एक वाचक, इस्लामपूर)

उत्तर : आधी तुमच्या आईंसाठी. त्यांना सांगा, बघत बसणं आजपासून बंद. तो विळखा पूर्ण होत नाही. आपल्या मणक्यांमधून डावीकडे आणि उजवीकडे वेगवेगळ्या नसा निघतात, छाती-पोटाची प्रत्येक नस आपल्या बाजूच्या कातडीचा एक पट्टा सांभाळते, पाठीपासून सुरू होऊन बरगडीच्या कडेने पोटाच्या मध्यापर्यंत, आणि तिथे तिची हद्द संपते, पलीकडे दुसरी नस. नागीण म्हणजे एका नसेत जागा झालेला व्हायरस, त्यामुळे पुरळ त्या पट्ट्यातच राहतं आणि मध्यावर येऊन थांबतं. ते अर्धवट विळख्यासारखं दिसतं म्हणून लोकांना वाटतं आता उरलेला अर्धा यायचाय. केमो चालू असेल, किडनी बदललेली असेल, एचआयव्ही असेल अशा माणसांत पुरळ अंगभर पसरू शकतं आणि ते गंभीरच, पण तिथेही तोंड-शेपटीचा काही संबंध नाही.

आता इतकी वर्षं कुठे होता ते. कांजिण्यांचे जे पाण्याचे फोड येतात ना, त्यांच्या बुडाशी स्पर्श आणि वेदना कळवणाऱ्या नसांची बारीक टोकं असतात. फोडातला व्हायरस त्या टोकात शिरतो. म्हणजे नेमकं काय होतं, तर व्हायरसच्या बाहेर चरबीचं पातळ आवरण असतं, त्यावरची प्रोटीन्स पेशीच्या पडद्याला चिकटतात, आवरण आणि पडदा एकमेकांत मिसळून एक होतात आणि आतली डीएनए भरलेली डबी पेशीत उतरते. ही डबी इतकी बारीक की एका मिलिमीटरमध्ये दहा हजार शेजारी शेजारी मावतील. पण अडचण अशी की या पेशीचं केंद्रक कातडीत नसतंच, ते पार मणक्याजवळ, अशाच पेशींच्या एका गाठीत असतं, फोड पायावर असेल तर दोन-तीन फूट लांब. आणि व्हायरसला स्वतःहून हलताच येत नाही. मग जातो कसा? नसेच्या पेशीत या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक नळ्या असतात आणि त्यांच्यावरून डायनीन नावाचं प्रोटीन एकेक पाऊल टाकत टोकाकडचा माल केंद्रकाकडे ओढत नेत असतं, पेशीचं हे रोजचंच काम. व्हायरस त्या डायनीनला जाऊन चिकटतो. बस. पुढचा प्रवास पेशीच घडवते.

केंद्रकात पोचल्यावर त्याच्या डीएनएची दोन टोकं जुळून एक कडं तयार होतं आणि मग जवळपास सगळं बंद. ७० च्या आसपास जीन्स आहेत त्याचे, त्यातले एखाद-दोन सोडले तर सगळे गप्प. हाच व्हायरस कातडीच्या पेशीत गेला की भराभर कॉपी काढून ती पेशी मारून टाकतो आणि नसेच्या पेशीत मात्र साठ-साठ वर्षं हूं की चूं नाही. व्हायरस तोच, डीएनए तोच, बदलली ती पेशी. मी हे इतकी वर्षं शिकवते तरी दरवेळी सांगताना थक्क व्हायला होतं. यात पेशीचाही स्वभाव आहे, नसेच्या पेशी सहसा विभागत नाहीत, जन्मभर टिकतात, आणि शरीरही त्यांना मारून टाकायला तयार नसतं कारण त्या परत येत नाहीत. त्यापेक्षा टी पेशी, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, व्हायरसवर पहारा ठेवतात. पन्नाशीनंतर हा पहारा हळूहळू ढिला होतो, मग एखाद्या गाठीतला व्हायरस परत कॉपी काढायला लागतो आणि त्याच नसेतून उलट्या दिशेने कातडीकडे येतो. येताना नस सुजवत येतो, म्हणून तुमच्या वडिलांना पुरळ दिसायच्या आधी चार दिवस आग होत होती.

हे सगळं आधी कुणी ओळखलं, तर एका साध्या जीपी डॉक्टरने. इंग्लंडमध्ये सायरनसेस्टर नावाच्या गावात होप-सिम्पसन म्हणून डॉक्टर होते, त्यांनी आपल्या प्रॅक्टिसमधल्या नागिणीच्या प्रत्येक पेशंटची सोळा वर्षं नोंद ठेवली आणि १९६५ साली मांडलं की हा बाहेरून आलेला नवा संसर्ग नाही, कांजिण्यांच्या वेळी नसांच्या गाठीत राहून गेलेला जुनाच व्हायरस परत उठतो. डीएनए शोधायची आजची तंत्रं यायच्या कितीतरी आधी. गावातल्या डॉक्टरच्या वहीतून असं विज्ञान निघू शकतं याचं मला फार अप्रूप आहे.

नातवाचं. नागीण कुणाला लागत नाही, पण फोडातलं पाणी लागलं तर ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही नाही त्याला कांजिण्या होऊ शकतात. तर फोडांवर खपली धरेपर्यंत जागा झाकून ठेवा, टॉवेल वेगळा, आणि नातवाला तेवढे दिवस मांडीवर नको. घरात गरोदर बाई असेल तर तिनेही जपायचं. कांजिण्यांची लस त्याला दिली नसेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा. आणि एक, कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा, कारण तीच नस डोळ्यालाही जाते.

प्रश्न : सासूबाईंच्या नागिणीला डॉक्टरांनी दिवसातून पाच वेळा घ्यायच्या गोळ्या दिल्या, पण अँटिबायोटिक दिलं नाही. शेजारी म्हणतात गेरू लावा, एक जण मंत्र घालतो त्याच्याकडे न्या, त्यांच्याकडचे सगळे बरे झाले. (एक वाचक, बार्शी)

उत्तर : अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं कारण बॅक्टेरियाची स्वतःची यंत्रणा असते, आपल्यापेक्षा वेगळी, त्यावर घाव घालता येतो. व्हायरसकडे तसलं फारसं काही नसतंच. मेसमधल्या आचाऱ्याच्या हातात कुणीतरी भलतीच चिठ्ठी सरकवावी आणि त्याने तिथलाच गॅस, तिथलंच पीठ, तिथलीच भांडी वापरून दिवसभर तेच करत बसावं, तसं व्हायरस पेशीकडून करून घेतो. आता आचाऱ्यालाच मारलं तर मेसच बंद पडेल, म्हणून व्हायरसवरची औषधं बनवणं इतकं अवघड गेलं.

सासूबाईंची गोळी बहुतेक असायक्लोव्हिर असणार. तिची गंमत ऐका. ही गोळी डीएनएच्या एका घटकासारखी दिसते पण पोटात जाते तेव्हा ती निष्क्रिय असते. तिला चालू करायला आधी तिच्यावर एक फॉस्फेट बसावा लागतो आणि तो पहिला फॉस्फेट बसवायला आपल्या पेशीचं एन्झाइम (रासायनिक काम घडवून आणणारं प्रोटीन) जवळजवळ कामाचं नाही, नागिणीच्या व्हायरसचं एन्झाइम लागतं. म्हणजे ज्या पेशीत व्हायरस काम करतोय त्याच पेशीत औषध जागं होतं, शेजारची निरोगी पेशी त्यातून वाचते. पुढचे दोन फॉस्फेट मात्र पेशी स्वतः बसवते आणि मग व्हायरस नवा डीएनए विणताना चुकून हाच तुकडा घेतो, त्याला पुढचा तुकडा जोडायची जागाच नसते, साखळी तिथेच तुटते. गर्ट्रूड एलियन आणि त्यांच्या टीमचं हे काम, एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं, आणि त्यांची पीएचडी कधी पूर्ण झालेली नव्हती हेही मुलींना आवर्जून सांगावंसं वाटतं.

पण यातच एक मर्यादा आहे. नसेच्या गाठीत जो व्हायरस गप्प बसलाय तो ते एन्झाइम बनवतच नाही, त्यामुळे गोळी त्याला हात लावू शकत नाही, आणि म्हणून या गोळीने व्हायरस कायमचा जात नाही. आणि कातडीवर व्हायरस जोरात असतो तो काळ थोडाच असतो. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत गोळी सुरू झाली तर जास्त उपयोग. गेरूने आणि मंत्राने सगळे बरे होतात कारण पुरळ तसंही दोन-चार आठवड्यांत सुकतंच, पण त्या नादात हे तीन दिवस हातातून जातात. आणि नस दुखावली तर पुरळ गेल्यावरही कित्येक महिने ठणका राहतो, कपडा लागला तरी सहन होत नाही. म्हाताऱ्या माणसांचे हे हाल मी बघितलेत, म्हणून कळकळीने सांगते. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी नागिणीची नवी लस २०२३ पासून आपल्याकडे मिळते, दोन डोस असतात, त्यात जिवंत व्हायरस नसतो, त्याच्या आवरणावरचं एक प्रोटीन असतं. महाग आहे, पण परवडत असेल तर डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : व्हायरल तापात घसा धरलेला असतो, मग पाय आणि कंबर का मोडून येते? व्हायरस तिथेही जातो का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : बऱ्याचदा जात नाही. फ्लूसारखा व्हायरस श्वासनलिकेच्या पेशीतच असतो, अंग दुखतं ते पेशीने दिलेल्या हाकेमुळे. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन या दोघांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याच्या तुकड्यांवर, गरम करून मारलेला फ्लूचा व्हायरस टाकला, मग त्या तुकड्यांभोवतीचं पाणी नव्या तुकड्यांना लावलं, तर त्यात जिवंत व्हायरस वाढेना. म्हणजे पेशीने काहीतरी बाहेर सोडलं होतं. त्याला इंटरफेरॉन नाव दिलं. लागण झालेली पेशी हे सोडते, आजूबाजूच्या पेशी ते ओळखतात आणि व्हायरस यायच्या आधीच तयारी करतात, व्हायरस आला रे आला की आपलं प्रोटीन बनवणं थांबवायचं, आरएनए कापायचा, म्हणजे त्याला वापरायला काही मिळूच नये. हेच इंटरफेरॉन आणि त्याच्यासोबतचे इतर निरोप रक्तातून फिरतात तेव्हा ताप, थंडी, अंगदुखी, काही करू नये असं वाटणं. पुरावा हवा असेल तर, हिपॅटायटिस सी च्या पेशंटना पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे, तेव्हा त्यांना फ्लू नसताना अगदी फ्लूसारखंच अंग मोडून यायचं.

ताप आला की पॅरासिटामॉल ठीक, पण डेंग्यूचे दिवस असताना ब्रुफेन, अॅस्पिरिन, डिक्लोफिनॅक मनाने घेऊ नका. आणि डेंग्यूत ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका, पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त हे नेमकं त्याच वेळी सुरू होऊ शकतं, मग थेट हॉस्पिटल.

प्रश्न : २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा मी पोल्ट्रीवर कामाला होतो. शेडमध्ये कोंबड्या पटापटा मरत होत्या, आम्ही हाताने उचलून टाकल्या, आम्हाला काही झालं नाही. का? (एक वाचक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : तुम्ही ते जवळून बघितलंय, भारतातली पहिली नोंद ती, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि तालुक्यातली कितीतरी घरं त्यात बसली. माणसांत मात्र लागण निघाली नाही.

फ्लूचा व्हायरस पेशीवरच्या सायलिक अॅसिडला धरतो, ही एक साखर असते, पेशीच्या पृष्ठभागावरच्या साखळ्यांच्या टोकाला. ती खालच्या साखरेला दोन तऱ्हांनी जोडलेली असू शकते. कोंबडी-बदकांच्या पेशींवर एक तऱ्हा, माणसाच्या नाक-घशात मुख्यतः दुसरी. बर्ड फ्लूच्या व्हायरसची पकड पहिल्या तऱ्हेवर घट्ट बसते, दुसरीवर जेमतेम, त्यामुळे आपल्या नाकातून त्याचा सहज शिरकाव होत नाही. मात्र आपल्या फुप्फुसांच्या खोल भागात पहिल्या तऱ्हेच्या पेशी आहेत, म्हणून क्वचित कुणी खूप व्हायरस ओढला आणि तो खोल पोचला तर थेट जबरदस्त न्यूमोनिया. तुम्ही वाचलात यात नशिबाचाही भाग होता, पुढच्या वेळी असं काही दिसलं तर मास्क, ग्लोव्हज, गॉगल शिवाय हात लावू नका आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा.

कोंबड्या इतक्या पटापटा का मेल्या याचंही उत्तर पेशीतच आहे. फ्लूच्या व्हायरसचं पकडायचं प्रोटीन एका जागी कापलं गेल्याशिवाय तो पेशीत शिरू शकत नाही. साध्या फ्लूत ते कापणारं एन्झाइम श्वासनलिका-आतड्यासारख्या ठरावीक जागीच असतं. एच५एन१ मध्ये, म्हणजे या बर्ड फ्लूच्या व्हायरसमध्ये, ती जागा अशी बदललेली आहे की शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीतलं फ्युरिन नावाचं एन्झाइम ती कापतं, म्हणजे मेंदू, हृदय, सगळीकडे मोकळं रान. आणि २०२४ मध्ये अमेरिकेत हाच एच५एन१ दुभत्या गाईंमध्ये सापडला, कशात तर दुधात, कारण गाईच्या कासेच्या पेशींवर पक्ष्यांसारखी साखर भरपूर आहे. म्हणून दूध तापवूनच प्यायचं आणि चिकन-अंडी नीट शिजवून, आपल्याकडे तशी पद्धत आहेच.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. व्हायरसचा आपल्या पेशींना कधी फायदा झालाय का? (एक विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : झालाय, आणि तुझ्या-माझ्या जन्माआधीच झालाय. रेट्रोव्हायरस आपला जीन पेशीच्या डीएनएमध्येच जोडून टाकतात. लाखो वर्षांपूर्वी अशी काही जोडणी बीजपेशींत झाली आणि पिढ्यानपिढ्या पुढे आली, आज माणसाच्या डीएनएचा सुमारे ८ टक्के भाग असल्या जुन्या व्हायरसांचा आहे. बराचसा मोडका, निकामी. पण त्यातला एक जीन सिन्सिटिन नावाचं प्रोटीन बनवतो, २००० साली त्याचं काम कळलं. मूळचं ते व्हायरसच्या आवरणाचं प्रोटीन, व्हायरसचं आवरण आणि पेशीचा पडदा एक करणारं. आता ते वारेत (प्लासेंटात) काम करतं, वारेच्या पेशी एकमेकींत मिसळून एक सलग थर बनतो, आईच्या रक्तातून बाळाकडे अन्न-ऑक्सिजन जातं ते याच थरातून. उंदरांत अशाच कामाचा पण वेगळ्याच व्हायरसकडून आलेला जीन आहे, तो काढून टाकला तर पिल्लं पोटातच दगावतात. बायोलॉजी घेतलंस ना, मग हे परीक्षेला नसलं तरी वाच.

प्रश्न : मुलाच्या पोटरीला गल्लीतल्या कुत्र्याने चावलं, पाच दिवस झाले. घरच्यांनी हळद-चुना लावला. कुत्रं तर चांगलं हिंडतंय. चावून झाल्यावर लस देऊन काय उपयोग, लस तर आधी देतात ना? (एक आई, शहापूर)

उत्तर : तुमचा मेसेज आला त्याच दिवशी फोन केला होता आणि मुलाची इंजेक्शनं सुरू झाली हे तुमच्याकडून कळलं, म्हणून आता निवांत लिहिते, बाकीच्या आयांसाठी.

रेबीजचा व्हायरस लाळेतून जखमेत येतो. तिथून तो नसेत शिरतो, स्नायू आणि नस जिथे भेटतात तिथे नसेचा निरोप घेणारा जो रिसेप्टर असतो त्याला तो धरतो, थोडे दिवस स्नायूतच वाढू शकतो, आणि एकदा नसेत गेला की वर नागिणीच्या उत्तरात सांगितलं त्याच नळ्यांवरून मेंदूकडे. पोटरीपासून मेंदू लांब आहे, बहुतेकांना लक्षणं दिसायला दोन-तीन महिने लागतात, चेहऱ्यावर किंवा डोक्याला चावलं असेल तर बरंच लवकर. लसीचा उपयोग याच मधल्या काळात. लसीने अँटिबॉडी तयार व्हायला साधारण एक-दोन आठवडे जातात, तेवढ्यात व्हायरस नसेच्या बाहेर असेल तर सापडतो. एकदा मेंदूच्या पेशीत पसरला की अँटिबॉडी तिथे धड पोचत नाहीत. तो मेंदूच्या पेशी फोडतही नाही फारशा, त्यांचं काम बिघडवतो आणि लाळग्रंथीत जाऊन पुढच्या चाव्याची वाट बघतो, आणि लक्षणं सुरू झाली की आजही माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. १८८५ मध्ये पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली ती चावल्यानंतरच, तो वाचला.

म्हणून चावल्याबरोबर पहिली गोष्ट, वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून. साबणाने या व्हायरसचं चरबीचं आवरण विरघळतं आणि आवरण गेलं की त्याला पेशीत शिरताच येत नाही. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही, त्याने जखम चिडते आणि व्हायरस आणखी आत जातो. रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, या तयार अँटिबॉडी जखमेतच टोचतात, मूल रडतं, टोचू द्या. कुत्रं चांगलं हिंडतंय म्हणून थांबायचं नाही, त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवतात पण लस आधी सुरू करून. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते.

तुमच्या मुलाच्या कार्डावर चार तारखा आहेत, चौथी २८ व्या दिवसाची, तोपर्यंत जखम भरलेली असते आणि बऱ्याच घरी तीच राहून जाते. ती चुकवू नका.